साठ लाखांचा आकडा : सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

२०२३ च्या मे महिन्यात सोलापुरातला एक टॉवेल कारखाना बंद पडला. गेटवर नोटीस लागली त्याच आठवड्यात शहरात दोन वाक्यं फिरू लागली. नव्या पेठेत दुकानदार म्हणत, "युनियननं संप केला आणि चालता कारखाना घालवला." पूर्व भागात, अशोक चौक-पद्मानगरकडं लोक म्हणत, "मालकाच्या घरच्यांनी पगार वाढवून घेतले आणि हात झटकले." त्या कारखान्याचे ताळेबंद वाचून द्यायचं काम युनियननं माझ्याकडं दिलं होतं. मी हिशेबातला माणूस, कामगार चळवळीतला नव्हे. कागद माझ्या टेबलावर होते, त्यामुळं दोन्ही वाक्यांत काय सुटतंय ते मला दिसत होतं. तेच इथं लिहितो आहे. त्यात माझ्या हातून झालेली एक मोठी चूकही आहे.

कंपनीचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. रकमा आणि कामगारांची संख्या ओळख लपवण्यापुरती बदलली आहे, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

कारखाना औद्योगिक वसाहतीत. माल टर्किश टॉवेल, बराचसा परदेशी जाणारा. आजोबांनी घराशेजारच्या खोलीत चार मागांवर धंदा सुरू केला, वडिलांनी वाढवला आणि तिसऱ्या पिढीनं खाजगी मर्यादित कंपनी केली. चार संचालक, चौघंही एकाच घरातले. थोरले संचालक रोज सकाळी खात्यातून फेरी मारत. एखाद्या मागावर ताणा सारखा तुटताना दिसला की स्वतः जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या मुकादमाला, हाक मारत. सगळे त्यांना "मालक" म्हणत. सोलापुरात हा शब्द मानाचा आहे, ज्याच्याकडं काही मालकीचं नाही अशा वडीलधाऱ्या माणसालाही लोक मालक म्हणतात. धाकट्यांपैकी एक जण पुण्यात राहून "मार्केटिंग" बघायचा.

वार्पिंग (ताणा तयार करणं), माग आणि डाईंग (रंगाई) या खात्यांत मिळून १८० कायम कामगार होते. त्यांची युनियन १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली मान्यताप्राप्त होती, म्हणजे वाटाघाटीचा हक्क तिच्याकडं होता. शिलाई, चेकिंग आणि पॅकिंगला साधारण साठ बायका होत्या. त्यांची हजेरी कंत्राटदाराकडं आणि मजुरी डझनावर. त्या युनियनच्या सभासद नव्हत्या. "त्या कंत्राटदाराच्या" असं कंपनी म्हणे, आणि युनियनही तेच म्हणे.

२०१८ मध्ये कंपनीनं मोठं कर्ज काढून रेपिअर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान, माग आणले. कर्ज तीस कोटींच्या घरात, त्यावर वर्षाला सव्वातीन कोटी व्याज. उलाढाल साठ कोटींची. माल नीट जात होता तोवर हे ओझं पेलत होतं. मग २०२० ची टाळेबंदी आली आणि तिच्या पाठोपाठ सुताचे भाव. मे २०२२ मध्ये कापसाची ३५६ किलोची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली. टॉवेलच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा सुताचा असतो आणि परदेशी ग्राहकाशी दर काही महिने आधीच ठरलेला असतो. त्या वर्षी पाठवलेल्या कित्येक कंटेनरांत कंपनीला तोटाच झाला. पुढं कापूस उतरला, पण तोवर बाहेरची मागणीही उतरली होती.

या शहरात कारखाना बंद पडणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं घराघरांत आजोबांच्या नोकरीची म्हणून घेतली जातात. जुन्या गिरणीची, म्हणजे शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गोष्ट तर देशाच्या घटनात्मक इतिहासात गेली आहे. ती गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद झाली आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळं ही वेळ आली, असं त्या कायद्याच्या उद्देशिकेतच लिहिलं होतं. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० मध्ये न्यायालयानं कायदा उचलून धरला, तर डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात तो रद्द ठरवला. हा निकाल मी युनियनच्या कचेरीत सांगितला तेव्हा एक म्हातारे कामगार म्हणाले, "म्हणजे कुणामुळं बुडाली हे सरकारनं लिहून ठेवलं होतं तर. आमच्या वडलांना कुणी सांगितलंच नाही."

पहिली खूण : फंडाचं पासबुक

प्रकरणाची सुरुवात लोक संपापासून सांगतात. माझ्या मते ती ऑगस्ट २०२२ पासून सांगायला हवी.

डाईंग खात्यातल्या एका पोरानं बहिणीच्या लग्नासाठी फंडातून, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतून, पैसे काढायचे म्हणून मोबाईलवर पासबुक उघडलं. शेवटचा भरणा मार्च महिन्याचा. पगारचिठ्ठीवर मात्र दर महिन्याला बारा टक्के कापलेले दिसत होते. त्यानं ते युनियनच्या सेक्रेटरींना दाखवलं. कामगार त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा तीस वर्षं या कामात आहेत, प्रामाणिक माणूस. ते मालकांना भेटले. मालक म्हणाले, "अण्णा, दिवाळीपर्यंत सांभाळून घ्या. सूत आणायला पैसे नाहीत, माग थांबवू का?" अण्णांनी सांभाळून घेतलं.

हा पहिला निर्णयबिंदू. कामगाराच्या पगारातून कापलेला फंड न भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत विश्वासघात आहे, फौजदारी गुन्हा. भविष्यनिर्वाह निधीचं कार्यालय सोलापुरातच आहे. तिथं एक अर्ज गेला असता तर चौकशी लागली असती आणि कंपनीची खरी अवस्था आठ महिने आधी उघडी पडली असती. अण्णांनी अर्ज का केला नाही, हे मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "फंडवाले आले असते तर बँकेला कळलं असतं, बँकेनं हात आखडला असता आणि कारखाना माझ्यामुळं बंद पडला म्हणून नाव झालं असतं." दोष आपल्यावर येईल या भीतीनं त्यांनी गप्प बसायचं ठरवलं. पुढं दोष आलाच.

मागणी आणि आकडा

नोव्हेंबरमध्ये कंपनीनं युनियनला पत्र दिलं. एक वर्षासाठी पगारात वीस टक्के कपात मान्य करा, नाहीतर कारखाना चालवणं अशक्य आहे. कामगारांचा सरासरी पगार चौदा हजार. वर्षाचं एकूण पगारबिल तीन कोटींच्या थोडं वर, म्हणजे कपातीतून वाचणार होते साठ लाख.

याच टप्प्यावर अण्णा माझ्याकडं आले. "सर, कंपनीचा हिशेब आपल्याला कुठून मिळणार?" मी सांगितलं की कंपनीनं सरकारकडं दाखल केलेला ताळेबंद शंभर रुपये फी भरून कुणालाही बघता येतो. तीस वर्षं युनियन चालवणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. यात त्यांचा दोष नाही. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी ही माहिती कामगारांपर्यंत कधी नेलीच नाही.

कागद आले. चार संचालकांचं मिळून मानधन २०१९-२० मध्ये अठ्ठेचाळीस लाख होतं. २०२१-२२ मध्ये ते एक कोटी आठ लाख झालं होतं. वाढ साठ लाखांची.

कामगारांकडून मागितलेले साठ लाख आणि संचालकांना वाढवून दिलेले साठ लाख. मी ते दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि त्या रविवारच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवले.

हीच माझी चूक. आकडे खरे होते. पण त्याच ताळेबंदात सव्वातीन कोटींचं व्याज होतं, सुताच्या खर्चातली काही कोटींची वाढ होती आणि पाच कोटींच्या जवळचा तोटा होता. संचालकांनी एक रुपयाही घेतला नसता तरी तोटा जेमतेम एक कोटी आठ लाखांनी कमी झाला असता. हे मी सभेत सांगितलं, पण नंतर सांगितलं. तोवर मांडवातला आवाज इतका चढला होता की पुढचं कुणाच्या कानावर गेलं नाही. आधी तोट्याची पूर्ण फोड मांडून मग मानधनाचा आकडा सांगितला असता तर सभा वेगळी झाली असती, असं मला आजही वाटतं.

मानधन वाढवण्यात बेकायदा काही होतं का? नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालकांच्या एकूण मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती सार्वजनिक मर्यादित कंपन्यांना. खाजगी मर्यादित कंपनीला ती लागू नाही. संचालकाचा पगार, पगाराच्या क्रमात मधोमध येणाऱ्या कामगाराच्या किती पट आहे हे जाहीर करायचं बंधनही फक्त शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर आहे. चौघांनी घरात बसून ठराव केला आणि तो कायद्यात बसला.

त्यातही थोरल्यांचं मानधन वाढलेलंच नव्हतं. वाढ पुण्यातल्या धाकट्याची आणि दोन्ही सुनांच्या नावची होती. हेही सभेत सांगायचं राहून गेलं.

समोरचे पर्याय

डिसेंबरभर युनियनच्या कचेरीत खल चालला. कपात मुकाट मान्य करणं हा पहिला पर्याय. तो दोन मिनिटांत बाजूला पडला. मानधनाचा आकडा कळल्यावर तो कुणीच मान्य केला नसता.

दुसरा पर्याय न्यायालयाचा होता. कंपनीबरोबर २०२१ मध्ये लेखी करार झाला होता आणि त्याची मुदत संपलेली नव्हती. करार न पाळणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, औद्योगिक न्यायालयात तक्रार करता आली असती. पण एकतर्फी कपात अजून झाली नव्हती, आणि कंपनीकडं पैसेच नसतील तर न्यायालयाचा आदेश घेऊन करायचं काय, असा प्रश्न होता.

तिसरा होता संप. चौदा दिवसांची नोटीस आणि त्याआधी सभासदांचं बहुमताचं मतदान, एवढं केलं की तो कायदेशीर.

चौथा पर्याय एका तरुण कामगारानं मांडला. आपणच सहकारी संस्था काढून कारखाना चालवू. हा वेडेपणा नव्हता. मुंबईच्या कमानी ट्यूब्जच्या कामगारांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन असं केलं होतं. पण इथं तीस कोटींचं कर्ज आणि बँकेकडं गहाण असलेले माग होते. त्या पोरानं विचारलेला प्रश्न मात्र मला अजून आठवतो : "सूत कुठून येतं आणि कुठल्या भावानं येतं, हे आपल्यात कुणाला माहीत आहे?" कुणालाच नव्हतं.

पाचवा पर्याय मला सगळ्यात बरा वाटत होता, आणि अण्णांनाही. कपात मान्य करायची, पण उसनवारी म्हणून. वीस टक्क्यांची रक्कम कंपनीवर कामगारांचं देणं म्हणून लिहायची. बदल्यात चार अटी : राहिलेला फंड आधी भरायचा, संचालकांचं मानधन २०१९-२० च्या पातळीवर आणायचं, दर महिन्याला सूतखरेदी आणि विक्रीचा हिशेब युनियनला दाखवायचा आणि हे सगळं सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर करार करून लिहायचं.

ती रात्र

जानेवारी २०२३. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा तोंडावर आलेली, नंदीध्वजांची तयारी सुरू झालेली. संपाची नोटीस देऊन बारा दिवस झाले होते. मालकांच्या बंगल्यावर रात्री साडेनऊला बैठक बसली ती दीडपर्यंत चालली. मालक, पुण्याचा धाकटा, अण्णा, दोन कामगार प्रतिनिधी आणि मी.

पहिल्या तासात पहिली, दुसरी आणि चौथी अशा तीन अटी मान्य झाल्या. मालक म्हणाले, "फंड महिन्याभरात भरतो. मानधन मी आजपासून अर्धं करतो, चौघांचंही." अण्णांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मग तिसऱ्या अटीवर, हिशेब दाखवण्यावर, गाडी अडली. मालक धाकट्याकडं बघत राहिले. धाकटा म्हणाला, "बाकी काहीही मागा. खरेदीचे कागद बाहेर जाणार नाहीत. उद्या ते बाजारात जातील."

मी सुचवलं की कागद फक्त मी बघतो, तोंड बंद ठेवण्याचं लेखी देतो. नाही. फक्त सुताची बिलं दाखवा. नाही. मालक एकदा म्हणाले, "अण्णा, माझ्यावर विश्वास नाही का?" अण्णा म्हणाले, "मालक, तुमच्यावर आहे." आणि गप्प बसले. त्या वाक्यातला उरलेला भाग खोलीतल्या सगळ्यांना कळला.

इथं युनियनला दोन वाटा होत्या. मान्य झालेल्या तीन अटींवर करार करून हिशेबाच्या अटीसाठी भांडत राहायचं, किंवा उठायचं. अण्णांनी बाहेर अंगणात येऊन दोघा प्रतिनिधींना विचारलं. दोघंही म्हणाले, खात्यात जाऊन काय तोंड दाखवणार? ज्यांनी गुपचूप साठ लाख वाढवून घेतले, त्यांचा हिशेब न बघता पगार सोडून आलो, असं सांगणार? मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हिशेब लपवतात म्हणजे त्यात काहीतरी आहे." ते खरं निघालं, पण त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं. मी म्हणायला हवं होतं की आत्ता तीन अटी लिहून घ्या, फंड भरून घ्या, आणि हिशेबासाठी तारीख ठरवा.

बैठक मोडली. दोन दिवसांनी संप सुरू झाला.

संप आणि त्यानंतर

संप एकोणीस दिवस चालला. एकही दगड उचलला गेला नाही. गेटसमोर मांडव, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरोघरून यायची. शिलाईच्या बायका पहिल्या चार दिवसांत कंत्राटदाराच्या सांगण्यावरून आत गेल्या. पाचव्या दिवशी शिवायला टॉवेलच उरले नाहीत, तेव्हा त्याही बाहेर बसल्या, पण मांडवापासून लांब, रस्त्याच्या पलीकडं. त्यांना मांडवात बोलावून घ्यायला युनियनला आणखी तीन दिवस लागले.

या दिवसांत परदेशी ग्राहकानं दोन कंटेनरांची ऑर्डर रद्द केली. स्थानिक बातम्यांत हाच मुद्दा ठळक झाला. संप मिटला तो कामगार कार्यालयातल्या एका मोघम कागदावर : कपात स्थगित, चर्चा सुरू राहील. फेब्रुवारीचा पगार अर्धा झाला. मार्चचा झालाच नाही. मे महिन्यात नोटीस. १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर तेव्हा नव्वद दिवस आधी सरकारची परवानगी मागावी लागत होती. ती मागितली नव्हती. म्हणजे कारखाना बंद करणंच बेकायदा होतं, पण त्यानं कुणाची चूल पेटली नाही.

तारखांचा कागद

"संपानं बुडवलं" हे वाक्य सगळीकडं ऐकू यायला लागलं तेव्हा मी एक काम केलं. कोण कुणाला काय म्हणालं ते सगळं बाजूला ठेवलं आणि नुसत्या तारखा एका कागदावर ओळीनं लिहिल्या. काही मला तेव्हा माहीत होत्या, बाकीच्या दिवाळखोरीच्या कारवाईत बाहेर आल्या.

एप्रिल २०२२ : फंड भरणं थांबलं. जून : कर्जाची फेररचना करा म्हणून कंपनीचा बँकेकडं अर्ज. सप्टेंबर : आठ नवे माग घरातल्याच दुसऱ्या फर्मला विकले, बाजारभावाच्या बऱ्याच खाली. ऑक्टोबर : बँकेनं फेररचनेचा अर्ज नाकारला. नोव्हेंबर : कामगारांकडं कपातीची मागणी. जानेवारी : संप.

बँकेनं नकार दिला तेव्हाच कारखान्याचं भवितव्य बरंचसं ठरलं होतं. कपातीचं पत्र त्यानंतरचं आहे, आणि त्या पत्रात बँकेच्या नकाराचा उल्लेखच नव्हता. कामगारांना साठ लाख मागितले तेव्हा त्या साठ लाखांनी काही वाचणार नाही, हे मागणाऱ्यांना माहीत होतं.

हिशेब का लपवला तेही कळलं. सुताची बरीच खरेदी धाकट्याच्या फर्ममधून होत होती आणि दर खरेदीवर ती फर्म दलाली ठेवत होती. वर्षाला सत्तर लाखांच्या आसपास. मानधनाच्या वाढीपेक्षा मोठी रक्कम, आणि ती मानधनाच्या रकान्यात कुठंच दिसत नव्हती. आम्ही मानधनावर बोट ठेवून बसलो होतो.

मग दोष कुणाचा? मानधनानं कंपनी बुडाली नाही, संपानंही नाही. कर्ज काढून केलेला विस्तार, सुताचा भाव आणि घरातल्या फर्मकडं झिरपणारा पैसा, या तिन्हींनी ती बुडाली. पण मानधनानं एक गोष्ट नक्की केली. कारखाना वाचवायची जी एक शेवटची, बारीकशी शक्यता त्या रात्री टेबलावर होती, ती मानधनामुळं गेली. गुपचूप वाढवून घेतलेल्या साठ लाखांनंतर कुणीही कामगार डोळे मिटून पगार सोडणार नव्हता.

हे फक्त इथलंच नाही. अमेरिकेत होस्टेस नावाची बेकरी कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. कामगारांच्या पेन्शनमध्ये भरायचे पैसे तिनं आदल्या वर्षीच थांबवले होते. नोव्हेंबरमध्ये बेकरी कामगारांच्या युनियननं संप केला आणि आठवड्याभरात कंपनीनं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. साडेअठरा हजार नोकऱ्या गेल्या. त्याच महिन्यात न्यायालयानं कंपनी बंद करण्याच्या कामासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांना जवळपास अठरा लाख डॉलरपर्यंतचे बोनस मंजूर केले. तिथंही अर्धे लोक युनियनला दोष देत होते, अर्धे अधिकाऱ्यांना. पेन्शनचे पैसे आधी थांबले होते, ही तारीख दोन्ही बाजूंच्या बोलण्यात मागं पडली.

निष्पत्ती

बँकेनं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडं अर्ज केला आणि २०२४ च्या सुरुवातीला दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. युनियननं १८० कामगारांच्या वतीनं एकत्र दावा दाखल केला. ही तजवीज नियमांत आहे आणि तिनं मोठं काम केलं, कारण निम्म्या कामगारांना मुंबईची तारीख म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणं होतं. कारखाना घ्यायला कुणी पुढं आलं नाही. अवसायन झालं, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, आणि माग भंगाराच्या जवळपास भावानं गेले.

वाटप कायद्यानं ठरलेल्या क्रमानं होतं. कारवाईचा खर्च आधी, मग शेवटच्या चोवीस महिन्यांची कामगारांची देणी आणि तारणावरचा हक्क सोडून वाटपात आलेली बँक, दोघं एकाच पायरीवर. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम या वाटपाच्या बाहेर असते, त्यामुळं फंड पूर्ण भरला गेला. थकीत पगाराचे दहा रुपयांमागं साडेसहा मिळाले. ग्रॅच्युइटीसाठी कंपनीनं वेगळा निधी काढलाच नव्हता, त्या रकमेचा वाद अजून चालू आहे. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्यांची मोठी रक्कम तीच आहे. पुण्याच्या धाकट्यानं थकीत मानधनाचा दावा लावला होता. तो खालच्या पायरीवर गेला आणि त्याला काही मिळालं नाही. घरच्या फर्मला विकलेल्या आठ मागांचा व्यवहार रद्द करावा, असा अर्ज झाला आहे. संबंधितांशी केलेले मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार तपासता येतात.

थोरल्यांनी कर्जाला वैयक्तिक हमी दिली होती. ज्या बंगल्यात ती बैठक झाली, तो बँकेनं ताब्यात घेतला. ते आता भाड्यानं राहतात. अण्णा त्यांना भेटायला गेले होते. काय बोलणं झालं ते अण्णांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फंडाच्या पहिल्या चुकलेल्या महिन्यालाच अर्ज करायचा, हा बदल अण्णांनी लगेच केला. ते ज्या दुसऱ्या चार कारखान्यांत काम बघतात, तिथं आता दर महिन्याच्या वीस तारखेला प्रत्येक खात्यातला एक जण आपलं पासबुक उघडतो आणि युनियनच्या वहीत सही करतो. भरण्याची मुदत पंधरा तारखेपर्यंत असते, म्हणून वीस.

दुसरं, ताळेबंद दर वर्षी बघायचा, कपातीचं पत्र आल्यावर नव्हे. २०२१-२२ चं मानधन आम्हाला वेळेत दिसलं असतं तर तो विषय पगाराच्या सौद्याशी न जोडता वेगळा काढता आला असता. मानधनाबरोबर संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांची टीपही वाचायची. सुताची दलाली तिथं एका ओळीत होती, मी ती ओळ घाईत ओलांडली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कारखाना बंद करायला परवानगी लागण्याची मर्यादा आता १०० वरून ३०० कामगारांवर गेली. १८० कामगारांच्या कारखान्याला यापुढं परवानगी मागावीच लागणार नाही. त्यामुळं हिशेब आधी बघण्याचं महत्त्व आणखी वाढलं आहे, नंतर हातात धरायला फार काही राहत नाही.

आणि त्या साठ बायका. एकत्र दाव्यात त्यांची नावं नव्हती, कारण त्या कंपनीच्या हजेरीवर नव्हत्या. पगारचिठ्ठी कुणाकडंच नव्हती. अवसायनाच्या शेवटी शेवटी त्यांच्यातल्या एक अक्का माझ्याकडं आल्या, मुलीची शाळेची जुनी वही घेऊन. सहा वर्षं त्यांनी रोज रात्री लिहिलं होतं : किती डझन शिवले, किती पैसे मिळाले, किती राहिले. फक्त स्वतःचे नव्हे, त्यांच्या रांगेतल्या अकरा जणींचे. तेलुगू आकडे आणि मराठी नावं. कंत्राटदाराविरुद्ध कामगार न्यायालयात आता त्या बारा जणींचा दावा उभा आहे, या वहीवर. बाकीच्या अठ्ठेचाळीस जणींकडं अशी वही नाही. वहीतल्या नावांपुढं त्यांची नावं जोडता येतील का, कुणाच्या शेजारी कोण बसायची हे आठवून साक्षी देता येतील का, यासाठी दर रविवारी दुपारी त्या युनियनच्या कचेरीत जमतात. अण्णा सतरंजी आधीच घालून ठेवतात.